वाचा अडलेल्यांशी संवाद

वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात दीर्घकाळ राहणाऱ्या व्यक्तीचा आहार, झोप, औषधे, रक्तदाब आणि मलमूत्रविसर्जन यांची नोंद बहुतेक ठिकाणी रोज ठेवली जाते. परंतु त्या व्यक्तीला दिवसभरात काय सांगायचे होते आणि ते कोणाला कळले की नाही, याची नोंद क्वचितच आढळते. ज्यांची वाचा शाबूत आहे त्यांना ही उणीव फारशी बाधत नाही, कारण हवे ते ते मागून घेतात, नको ते नाकारतात आणि प्रसंगी भांडतातही. ज्यांना बोलता येत नाही, किंवा ज्यांचे बोलणे इतरांना समजत नाही, त्यांच्या बाबतीत मात्र या उणिवेचे परिणाम गंभीर होतात. दुखणे सांगता न आल्याने उपचार लांबतो, नको असलेला घास नाकारता न आल्याने तो भरवला जातो, आणि कालांतराने त्या व्यक्तीच्या खाटेशेजारी उभे राहून तिच्याविषयी बोलणारे अनेक असले तरी तिच्याशी बोलणारे कोणी उरत नाही. अशा निवासींशी संवाद साधणे हा शुश्रूषेचाच एक भाग आहे, त्याचे स्थान अंघोळ आणि औषध यांच्या बरोबरीचे आहे, आणि तो घडवून आणण्याचा मोठा भार बोलू शकणाऱ्या माणसाने उचलला पाहिजे, असे या विषयातील अभ्यासक आणि अनुभवी परिचारिका आवर्जून सांगतात.

बोलण्यातील अडचण ही एकच अवस्था नसून तिच्यामागे वेगवेगळी कारणे असतात, आणि कारण ओळखल्याशिवाय संवादाचा योग्य मार्ग सापडत नाही. त्यांतील सर्वांत महत्त्वाची अवस्था म्हणजे वाचाघात, ज्याला वैद्यकात अफेझिया म्हणतात. भाषेचे काम करणारी केंद्रे बहुतेक माणसांत मेंदूच्या डाव्या अर्धगोलात असतात. तेथील रक्तपुरवठा खंडित झाला, म्हणजेच पक्षाघाताचा झटका आला, की शब्द शोधणे, वाक्य जुळवणे, ऐकलेले समजणे, वाचणे आणि लिहिणे यांपैकी काही किंवा सर्वच क्षमतांना इजा होते. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश रुग्णांना कमीअधिक प्रमाणात वाचाघात होतो. त्याच्या एका प्रकारात समज बऱ्यापैकी टिकून असते, पण बोलणे तुटक होते आणि मराठीसारख्या भाषेत, जेथे सगळा अर्थ विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदाच्या रूपांवर तोललेला असतो, तेथे नेमके हेच घटक गळून पडतात. ‘मुलगा... फोन... सकाळ’ एवढेच शब्द ऐकणाऱ्याच्या हाती येतात. मुलाने सकाळी फोन केला, मुलाला उद्या सकाळी फोन करा, की मुलाचा सकाळी यायचा फोन आलाच नाही, हे त्यावरून ठरत नाही. दुसऱ्या प्रकारात बोलणे ओघवते असते, परंतु त्यात ‘वाटी’ऐवजी ‘ताट’ किंवा ‘चमचा’ऐवजी भलताच ध्वनिसमूह येतो, वाक्यांना अर्थ राहत नाही आणि आपले बोलणे चुकते आहे याची जाणीवही रुग्णाला अनेकदा नसते, त्याचबरोबर दुसऱ्याचे बोलणे समजण्यातही त्याला मोठी अडचण येते.

याहून वेगळी अवस्था म्हणजे डिसार्थ्रिया, म्हणजे उच्चारासाठी लागणाऱ्या जीभ, ओठ, टाळू आणि श्वास यांच्या स्नायूंवरील नियंत्रण सुटल्यामुळे बोलणे अस्पष्ट होणे. येथे भाषा पूर्णपणे शाबूत असते. लिहिता येत असेल तर अशी व्यक्ती संपूर्ण पत्र लिहू शकते. पार्किन्सन्सच्या आजारात आवाज क्षीण आणि एकसुरी होतो, आणि विशेष म्हणजे आपण फार हळू बोलतो आहोत हे स्वतः रुग्णाला जाणवत नाही. त्याला आपला आवाज पुरेसा मोठा वाटतो. मोठ्याने बोलण्याचा नेमका सराव करून घेणारी ली सिल्व्हरमन उपचारपद्धती अमेरिकेत याच निरीक्षणावर उभी राहिली. ज्या स्नायूंनी बोलायचे त्यांतील बहुतेकांनीच गिळायचेही असते, त्यामुळे उच्चार अडखळू लागलेल्या निवासीला पाणी पिताना ठसका लागतो का, याकडे लक्ष देणे अत्यावश्यक आहे, कारण अन्नपाणी श्वासनलिकेत गेल्याने होणारा न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो.

स्मृतिभ्रंशात शब्द हळूहळू, काही वर्षांच्या काळात, निसटत जातात. आधी विशेषनामे, मग वस्तूंची नावे, आणि अखेरच्या टप्प्यात जवळजवळ सगळी भाषा. पक्षाघातानंतर काही प्रमाणात सुधारणेची आशा असते, तशी ती येथे नसते. म्हणून आज जे शब्द उरले आहेत त्यांच्या आधारे व्यक्तीच्या आवडीनिवडी वेळीच टिपून ठेवण्याला या आजारात फार मोल आहे.

वाचाघाताच्या वैद्यकीय इतिहासाची सुरुवातच एका संस्थेत राहणाऱ्या माणसापासून होते, ही बाब या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र या रुग्णालयात लबोर्न्य नावाचा माणूस २१ वर्षे राहत होता. त्याला ‘तां, तां’ एवढेच उच्चारता येत असे आणि म्हणून संपूर्ण संस्थेत त्याला तेच नाव पडले होते. संताप अनावर झाला की मात्र एक शिवी त्याच्या तोंडून स्पष्ट बाहेर पडे. १८६१च्या एप्रिल महिन्यात, मृत्यूच्या काही दिवस आधी, पॉल ब्रोका या शल्यविशारदाने त्याला तपासले, आणि शवविच्छेदनात सापडलेल्या डाव्या पुढील भागातील इजेवरून वाणी आणि मेंदू यांचा संबंध प्रस्थापित केला. वैद्यकाच्या पुस्तकांत त्या मेंदूचेच वर्णन प्रामुख्याने येते, पण ब्रोकाने नोंदवलेली एक गोष्ट शुश्रूषा करणाऱ्यांसाठी अधिक मोलाची आहे. येथे येऊन किती वर्षे झाली, असे विचारल्यावर लबोर्न्यने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि नंतर एक बोट दाखवले. उत्तर अचूक होते. आजूबाजूचे लोक त्याला चिडका आणि खुनशी समजत; आपले म्हणणे समोरच्याला कळत नाही असे दिसले की तो भडकत असे. वर्षांचा अचूक हिशेब ठेवणाऱ्या माणसाने दोन दशके एकाच अक्षरावर काढली असतील, तर त्याच्या रागाला स्वभावदोष म्हणणे अन्यायाचे आहे. आजही अनेक संस्थांत ‘त्रास देणारे’ म्हणून ज्यांची ओळख झालेली असते, त्यांच्यातील काही जण केवळ न समजले गेलेले असतात.

कॅनडातील टोरांटो येथील अफेझिया इन्स्टिट्यूटमध्ये ऑरा केगन यांनी विकसित केलेल्या ‘आधारित संभाषण’ या पद्धतीचा पाया याच जाणिवेवर आहे. वाचाघात झालेल्या व्यक्तीची बुद्धी, मते आणि निर्णयक्षमता शाबूत असू शकते, परंतु ती केवळ बोलण्याच्या वाटेने बाहेर येऊ शकत नाही. म्हणून समोरच्याने प्रथम आपल्या वागण्यातून ‘तुम्हाला ठाऊक आहे, हे मला माहीत आहे’ असे दाखवावे आणि मग ते बाहेर येण्यासाठी खुणा, चित्रे, लिहिलेले शब्द आणि वेळ असा आधार पुरवावा, असे ही पद्धत सांगते. तिचे प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवकांशी बोलताना रुग्ण अधिक चांगल्या रीतीने व्यक्त होतात, असे केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले. प्रशिक्षण रुग्णांना दिलेले नव्हते, तरीही फरक त्यांच्या व्यक्त होण्यात पडला, ही या अभ्यासातील सर्वांत अर्थपूर्ण बाब म्हणावी लागेल.

प्रत्यक्षात सुरुवात साध्या गोष्टींपासून होते. चष्मा डोळ्यांवर आणि श्रवणयंत्र कानात आहे का, त्याची बॅटरी चालू आहे का, कवळी बसवली आहे का, दूरदर्शन संच बंद आहे का, हे पाहिल्याशिवाय संवादाचा प्रयत्न करणे व्यर्थ असते. बोलणाऱ्याने उभे राहून वरून बोलण्याऐवजी खुर्ची घेऊन डोळ्यांच्या पातळीवर बसावे आणि चेहऱ्यावर उजेड पडेल असे बसावे. डाव्या अर्धगोलाला इजा झालेल्या अनेकांना उजव्या बाजूचे दिसत नाही, त्यामुळे त्यांच्या उजव्या अंगाला उभे राहून बोलणारा माणूस किंवा त्या बाजूला धरलेला फलक त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. एका वेळी एकच विषय, लहान पण व्याकरणदृष्ट्या पूर्ण वाक्य, विषय बदलताना तसे सांगणे, आणि प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजून होईतो गप्प राहणे, ही पथ्ये सोपी वाटली तरी पाळायला कठीण आहेत. त्यांतही शेवटचे सर्वांत कठीण, कारण शांतता असह्य होऊन प्रश्न निराळ्या शब्दांत पुन्हा विचारला जातो आणि ऐकणाऱ्याच्या मेंदूत चाललेली जुळवाजुळव मोडून पडते.

उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येईल असे प्रश्न विचारावेत, हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो योग्यही आहे, परंतु तेथे एक मोठा धोका दडलेला आहे. वाचाघातात ‘हो’ म्हणायचे असताना तोंडून ‘नाही’ निघू शकते, आणि उलटही. मानेची खूणही नेहमी भरवशाची नसते; आपल्याकडे होकारार्थी मान डोलावणे आणि नकारार्थी मान हलवणे यांत मुळातच थोडे अंतर आहे, आणि मानेचे स्नायू दुबळे झालेल्या व्यक्तीत ते अंतरही पुसले जाते. त्यासाठी ज्यांची उत्तरे आधीच माहीत आहेत असे चार-सहा प्रश्न विचारून त्या व्यक्तीचा होकार नेमका कसा असतो, तो आवाजाने आहे की अंगठ्याने, डोळे मिटण्याने की हात दाबण्याने, हे प्रथम निश्चित करावे आणि ते खाटेजवळ सर्वांना दिसेल असे लिहून लावावे. फलकावर ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्याबरोबर ‘नको’, ‘माहीत नाही’ आणि ‘दुसरेच काहीतरी’ हे पर्यायही हवेत, कारण शेवटचा पर्याय नसेल तर रुग्णाला विचारणाऱ्याच्या कल्पनाशक्तीच्या मर्यादेतच उत्तर द्यावे लागते. प्रश्न व्यापकाकडून नेमक्याकडे न्यावेत: सांगायचे ते शरीराविषयी आहे, घराविषयी आहे, की या खोलीतील कशाविषयी, शरीराविषयी असेल तर दुखते आहे, खाज येते आहे, की कूस बदलायची आहे. मिळालेला अर्थ शेवटी पूर्ण वाक्यात परत सांगून त्याची खात्री करून घ्यावी. आणि कळले नसेल तर कळल्याचा बहाणा कधीही करू नये; ‘आत्ता समजले नाही, जेवणानंतर पुन्हा प्रयत्न करू’ असे सांगून ते पाळणे अधिक आदराचे असते.

चित्रफलक बनवण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. पाणी, चहा, संडास, पंखा, पांघरूण, वेदना, डॉक्टर, घरचा फोन यांची चित्रे किंवा छायाचित्रे मोठ्या अक्षरांतील नावांसह पुठ्ठ्यावर चिकटवली तरी पुरते. मात्र केवळ गरजांचीच चित्रे लावणे ही एक नेहमीची त्रुटी आहे; माणसाला पाणी मागण्याखेरीज मतही द्यायचे असते, निवडणुकीत काय झाले हे विचारायचे असते, शेजारच्या खाटेवरील माणसाविषयी तक्रार करायची असते. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात विकसित झालेल्या ‘टॉकिंग मॅट्स’ या पद्धतीत चटईसारख्या पृष्ठभागावर आवडते, सांगता येत नाही आणि आवडत नाही असे तीन भाग करून रुग्णाला विषयांची चित्रे त्या त्या भागात ठेवायला दिली जातात, आणि त्यातून त्याचे मत हळूहळू नजरेसमोर उभे राहते.

ज्यांना अक्षरे ओळखता येतात, पण बोलता किंवा लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी वर्णफलक असतो. या कामात देवनागरी वर्णमालेची रचना विलक्षण सोयीची आहे. क-वर्गापासून प-वर्गापर्यंतची २५ व्यंजने पाच ओळींत प्रत्येकी पाच अशी मुळातच मांडलेली आहेत, आणि शाळा शिकलेल्या मराठी माणसाला हा क्रम म्हातारपणीही पाठ असतो; म्हणून सहायकाने आधी ‘पहिली ओळ? दुसरी ओळ?’ असे विचारत जावे, रुग्णाने डोळे मिटून किंवा बोट हलवून थांबवावे, मग त्या ओळीतील अक्षरे एकेक म्हणावीत. उरलेल्या व्यंजनांच्या आणखी दोन ओळी व स्वरांची एक ओळ जोडली की फलक पूर्ण होतो. काना, मात्रा, वेलांटी यांचा आग्रह धरू नये. ‘प-ठ-द-ख’ एवढे कळले की पाठ दुखते आहे हे समजायला अडचण नसते. हा फलक डिसार्थ्रिया असलेल्यांना चांगला उपयोगी पडतो. वाचाघातात मात्र अक्षरे जुळवण्याची क्षमताच बाधित असल्याने तेथे चित्रे आणि लिहिलेले संपूर्ण शब्द यांवर भर द्यावा लागतो.

संबोधनाचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. वृद्धांशी लहान मुलांशी बोलावे तसे लाडिक सुरात, अतिसुलभ आणि हुकमी भाषेत बोलण्याच्या सवयीवर अमेरिकेत बरेच संशोधन झाले आहे. क्रिस्टीन विल्यम्स आणि सहकाऱ्यांच्या २००९च्या अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेले निवासी अशा बोलण्यानंतर अंघोळ, कपडे बदलणे यांना अधिक विरोध करतात, असे दिसले. आपल्याकडे कामावरच्या मावशी आणि मामा निवासींना ‘आजी’, ‘आजोबा’ म्हणतात त्यात जिव्हाळा असतो आणि तो मोलाचा आहे. परंतु ज्यांना गावाने तीस वर्षे ‘गुरुजी’ किंवा ‘बाई’ म्हटले, त्यांना ते संबोधन ऐकताच मान उचलावीशी वाटते. कोणाला ‘तू’ चालते आणि कोणाला ‘तुम्ही’च हवे, हे प्रवेशाच्या वेळी घरच्यांना विचारून ठेवले पाहिजे.

भाषेचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा आहे. अनेक भाषा येणाऱ्या माणसाला वाचाघात झाल्यावर कोणती भाषा आधी परत येते, याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये दोन मते मांडली गेली. रिबो यांच्या मते सर्वांत आधी शिकलेली, तर पित्र यांच्या मते आजारापूर्वी सर्वाधिक वापरातली. पुढील निरीक्षणांत दोन्हींची उदाहरणे मिळाली, आणि काही रुग्णांत सगळ्या भाषा सारख्याच परतल्या. स्मृतिभ्रंशात मात्र पुढच्या आयुष्यात शिकलेली भाषा आधी निसटून बालपणीची भाषा उरण्याची शक्यता पुष्कळ असते. मुंबईत हयातभर इंग्रजीत कारभार केलेली व्यक्ती केवळ मालवणी किंवा अहिराणी बोलू लागते, आणि तिची शुश्रूषा करणाऱ्याची भाषा हिंदी किंवा आणखी दुसरीच असते, तेव्हा तिचे बोलणे ‘असंबद्ध’ ठरण्याचा संभव असतो. इंग्लंड-अमेरिकेतील केंद्रांत राहणाऱ्या वृद्ध मराठी माणसांबाबत ही शक्यता अधिकच वाढते. अशा ठिकाणी नातेवाइकांनी पंधरा-वीस नित्याचे शब्द कर्मचाऱ्यांच्या लिपीत लिहून दिले, तरी पुष्कळ अडथळे दूर होतात.

स्वतःहून एक वाक्य न जुळणाऱ्या व्यक्तीला पाढे, वारांची नावे, संध्याकाळची प्रार्थना किंवा लहानपणापासून पाठ असलेला अभंग म्हणता येतो, याचे घरच्यांना नवल वाटते. पाठांतरातून आलेली आणि चालीत बांधलेली वाणी मेंदूत काहीशा निराळ्या रीतीने जतन होते, आणि याच तत्त्वाचा उपयोग करून शब्द सुरात म्हणवून घेणारी उपचारपद्धती अमेरिकेत बोस्टन येथे १९७०च्या दशकात पुढे आली. हरिपाठ म्हणता येतो म्हणून बोलताही येत असेल, मुद्दाम बोलत नाही, असा निष्कर्ष काढणे मात्र सर्वस्वी चुकीचे आणि क्रूर आहे.

वेदनेच्या बाबतीत तर शब्दांची वाट पाहत बसणेच धोक्याचे ठरते. प्रगत स्मृतिभ्रंशातील रुग्णांसाठी २००३मध्ये तयार झालेल्या मापनपट्टीत श्वास, कण्हणे, चेहऱ्यावरील भाव, शरीराचा ताण आणि धीर दिल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन वेदनेचा अंदाज घेतला जातो. एरवी शांत असणारी व्यक्ती अचानक ओरडू लागली, जेवण नाकारू लागली किंवा हात झटकू लागली, तर झोपेचे औषध वाढवण्यापूर्वी दातदुखी, बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग, शय्याव्रण यांचा शोध घेणे हे कोणत्याही केंद्राचे प्राथमिक कर्तव्य आहे.

या सर्व ज्ञानाचा मोठा भाग ज्यांच्याजवळ असतो त्या मावशी बदलत राहतात, हा संस्थांचा कायमचा प्रश्न आहे. एखाद्या निवासीने डावी भुवई उचलली की तिला पाय ताणून हवा असतो, हे दोन वर्षांत कळलेले गुपित ती मावशी काम सोडून गेली की तिच्याबरोबर जाते. ब्रिटनमधील अल्झायमर्स सोसायटीने ‘धिस इज मी’ ही छोटी पुस्तिका यासाठीच काढली, ज्यात व्यक्तीला काय आवडते, कशाची भीती वाटते, ती होकार कसा देते हे कुटुंबीय भरून देतात. आपल्याकडे शंभर पानी वहीही हे काम करू शकते, अट एवढीच की प्रत्येक पाळीने ती वाचावी आणि तिच्यात भर घालावी.

कायद्याने हा विषय दयेच्या कक्षेतून केव्हाच बाहेर काढला आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याने मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांत वाचा व भाषेच्या दिव्यांगत्वाचा समावेश असून त्याच्या व्याख्येत वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ‘संप्रेषण’ या संज्ञेत चित्रे, खुणा, सोपी भाषा व पर्यायी साधने यांचाही अंतर्भाव केला आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचाराविषयीचा निर्णय बोलून, चेहऱ्यावरील भावांनी, हावभावांनी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे कळवता येतो. याउलट, आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे, परंतु तेथे राहणाऱ्याशी संवाद साधला जावा याचा विचार पुढच्या नियमांत आणि तपासणीत यायला हवा तितका आलेला नाही.

वाचोपचारतज्ज्ञांची संख्या आपल्याकडे अपुरी आहे आणि ते मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. तरीही वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांतील वाचा-श्रवण विभाग येथे तपासणी करून घेता येते, आणि पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने सुधारणेच्या दृष्टीने सर्वांत फलदायी असल्याने हा सल्ला लवकर घेणे हितावह असते. नंतर सुधारणा होतच नाही, हा समज मात्र खरा नाही. आईवडिलांसाठी वृद्धाश्रम किंवा शुश्रूषा केंद्र निवडताना कुटुंबीय जेवण, डॉक्टर, स्वच्छता आणि महिन्याचा खर्च यांची चौकशी करतात. त्यांनी व्यवस्थापकाला आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: येथे ज्यांना बोलता येत नाही, त्यांना काय हवे आहे हे तुम्हाला कसे कळते? उत्तरादाखल एखादा फलक, एखादी वही किंवा एखादी मावशी पुढे आली, तर ते केंद्र विचारात घेण्याजोगे आहे.